आटे

डॉक्टर शलाका पाकीट फोडण्याआधी मला दाखवतात:
काचेच्या नळीत उभा एक स्क्रू,
तांदळाच्या दाण्याहून थोडा मोठा, राखाडी.
"टायटॅनियम, काका. घाबरू नका."

मी घाबरलेलो नाही.
मी आटे मोजतोय.

एकतीस वर्षं वागळे इस्टेटला, रोड नंबर सोळा,
लेथवर हेच केलं. आटे पाडले.
पोलादावर, पितळेवर, एकदा चुकून
स्वतःच्या अंगठ्यावर.
"पिच किती?" मी विचारतो.
त्या मास्कआडून हसतात. त्यांना वाटतं,
भूल डोक्यात गेली.

दात गेला त्याला नऊ वर्षं झाली.
कंपनीला कुलूप लागलं तेही त्याच श्रावणात,
पण त्याचा याच्याशी संबंध नाही.
दात भाकरीतल्या खड्याने गेला.
उगाच कशाला जोडायचं.
तेव्हापासून डावीकडून जेवतो.
हिने बोंबील तळले की घास कुठे वळवायचा
ते जीभच ठरवते, मला विचारत नाही.

ड्रिलचा आवाज ओळखीचा.
बाई पाणी सोडत, थांबत थांबत जातात,
हाड तापू देत नाहीत.
आमचा गावंड फोरमन असता तर
"हात बसलाय पोरीचा," म्हणाला असता.
मग छोटा पाना. शेवटचा पीळ. कट्,
कवटीच्या आतून ऐकू आलेला.

"आता चार महिने थांबायचं.
हाड वाढेल, आट्यांत शिरेल, धरून ठेवेल."

हे मात्र मला नवीन.
जन्मभर लोखंडात लोखंड बसवलं,
वायसर घातला, लॉकनट घातला,
तरी थरथरीने सैल व्हायचंच.
आणि इथे हाड आपणहून,
रात्रपाळीला, मी घोरत असताना,
ओव्हरटाइम न मागता.

दिवाळीत त्यांचा मेसेज आला:
"काका, कंपनीला विचारलं. पिच पॉइंट आठ."
मी तो हिला दोनदा वाचून दाखवला.

माघात दात बसला.
तलावपाळीच्या कट्ट्यावर बसून
पाच रुपयांचे फुटाणे उजवीकडून खाल्ले.
कुडुम वाजलं. दात गप्प.
याला नस नाही, गार लागणार नाही,
हा कधी ठणकणार नाही म्हणे.
का कोण जाणे, जरा वाईट वाटलं.

जीभ अजून रोज पहाटे
जुन्या खड्ड्याकडे जाते,
गेटवर नवा वॉचमन दिसावा तशी थबकते,
नाव सांगू की नको करत
परत येते.