हातचा एक

पहिल्या दिवशी पंखावर तळहात ठेवला
तर हाताला खडू लागला.
खडूच. दुसरं नाव नाही त्याला.
सास्काचेवानच्या सपाटीवर
पन्नासेक उन्हाळे उघड्यावर काढले
की रंग मरत नाही, भुकटी होतो,
आणि जो हात लावेल त्याच्याबरोबर थोडा थोडा जातो.

मिसेस पावलुक उपड्या बादलीवर बसलेल्या,
वय एक्याऐंशी, काठी मांडीवर आडवी.
"थीसन, पँटला पुसू नकोस."
सातवीतही हेच म्हणायच्या.
त्यांच्या गणितात मी दोनदा नापास झालो,
आणि आता त्यांचं सेसना घासायला आलोय,
तासाच्या हिशेबाने.

धुणं वरून खाली.
पोटाखाली चाकांच्या फळीवर उताणा पडून
धुराड्याचं काजळ, तेलाचे ओघळ,
कुठल्याशा धावपट्टीचा वाळलेला चिखल.
पंखाच्या कडेला माश्या, किडे, एक फुलपाखराचा पाय.
"तो डॉफिनचा," त्या म्हणतात.
खरं की खोटं, कोण तपासणार.

मग मातीची लगदी, मग पॉलिश,
यंत्र हळू, गोल, पुन्हा गोल.
रिव्हेटच्या डोक्यांवर मात्र जोर नाही,
तिथे रंग आधीच कातडीइतका,
एक फेरा जास्त झाला की ॲल्युमिनियम डोळे वटारतं.
"तिथे बोटाने," त्या बादलीवरून.
बोटानेच करत होतो.
वर्गातही उत्तर लिहीत असताना
त्या नेमकं तेच उत्तर सांगायच्या.

डाव्या कुशीत एक भोक आहे,
टाचणीच्या डोक्याएवढं.
उंची विमानाला तिथून कळते.
ते बुजलं तर काटा जमिनीवरच बसून राहील
आणि तुम्ही ढगात.
त्यावर निळी टेप, पिटोवर टेप,
टाकीच्या श्वासनळ्यांवर, काचांच्या कडांना.
"किती लावल्यास?"
अकरा.
"लिहून ठेव."
हँगरच्या दारावर मी लिहिलं: अकरा.
हँगर कसला, जुनी धान्याची कोठी,
फटींतून अजून गहू गळतो.

चौथ्या दिवशी मेणाचा शेवटचा हात.
पांढऱ्यात दार दिसू लागलं,
दारात पिवळा कॅनोला,
कॅनोलात बादली, बादलीवर त्या.
टेप काढल्या. मोजल्या. दहा.

भोकावरची काढली होती, शपथेवर काढली होती.
तरी बोट फिरवलं, टॉर्च मारला,
प्रत्येक झडप उघडली,
फळीवर पुन्हा उताणा झालो.
तासभर.
त्या काही बोलल्या नाहीत.
वर्गातही बोलायच्या नाहीत,
फळ्याकडे बघत राहायच्या, घाम फुटेपर्यंत.

शेवटी त्याच उठल्या,
आणि काठीच्या रबरी टोकाला
गव्हाच्या तुसासकट चिकटलेली
निळी पट्टी.
मुद्दाम, की नकळत?
चेहऱ्यावरून कधीच कळलं नाही त्यांच्या.

उद्या लॉइडमिन्स्टरहून एक दंतवैद्य येणार आहे,
चेक घेऊन.
गेल्या हिवाळ्यात यांच्या कागदावर
डॉक्टरने सही केली नाही.
हे मला पेट्रोलपंपावर कळलं, त्यांच्याकडून नाही.

त्यांनी नाकाडावर तळहात ठेवला,
ठेवून उचलला, उलटा करून पाहिला.
काहीच नव्हतं हातावर.
बराच वेळ पाहत राहिल्या.

"बिल?"
पाठीमागे आकडे मांडून दिलं.
चष्मा न लावताच वाचलं त्यांनी.
"थीसन,
शंभर डॉलर कमी लिहिलेस.
हातचा एक विसरलास."