एकास बारा

उद्यमनगरात माझं शेड. समोर फौंड्री.
मी स्टेज भाड्यानं देतो.
रात्रीत उभं, रात्रीत टेंपोत.

गेल्या साली वडणग्यात
चौगुले बाई फळीवरून पडल्या.
फळी माझी होती.
दोन खिळे, वर लाल मॅट.
मॅट टाकली की सगळंच भक्कम दिसतं.

फळी मोडली नाही, असं मी चहाच्या गाड्यावर
आठवडाभर सांगत होतो.
आणि ती खरंच मोडली नव्हती.
पोरं लेझीम खेळून खाली उतरली तेवढ्यात
स्टेज दोन बोटं मागं सरकलं,
त्या दोन बोटांत
खुर्चीचं पुढचं बारकं चाक.

उजवं मनगट.
रात्रशाळेत गणित शिकवतात त्या.
तीन महिने डाव्या हातानं शिकवलं,
वर्तुळं अंड्यासारखी यायची म्हणे.

यंदा शाळेला पन्नास वर्षं, कार्यक्रम गांधी मैदानात.
कमिटीतले घोरपडे म्हणाले,
'चार पोरं उचलतील की बाईंना, देवासारखं!'
बाई म्हणाल्या,
'देवाला विचारलंय का कुणी, उचलू का म्हणून?'

मग त्या शेडात आल्या.
माझा मार्किंगचा खडू मागितला,
तो पाइपच्या टोकाला बांधला,
आणि खुर्चीतूनच जमिनीवर त्रिकोण काढला.
'एकास बारा. स्टेज किती उंच?'
चार फूट.
'मग?'
मी चौथी नापास. तरी बोललो, अठ्ठेचाळीस.
'एवढी जागा आहे?'
नाही.
'मग रस्ता मोड. मध्ये वळायला चौक ठेव,
खुर्ची अख्खी फिरली पाहिजे.'

मनगटाचं त्या काही बोलल्या नाहीत.
मीही नाही.

गांधी मैदान म्हणजे बशी. पाणी तिथंच बसतं.
वरून सुकलेलं, टाच मारली की काळं, मऊ.
प्रत्येक पायाखाली लोखंडी पाट,
पाटाखाली जुन्या स्लीपरचा तुकडा.
कडेला दोन इंचाची पट्टी, चाक घसरू नये म्हणून.
कठडा दोन उंचींचा,
एक चालणाऱ्याच्या हाताला, एक बसलेल्याच्या.
आणि जिथं उतार स्टेजला भेटतो
तिथं आकडा, आकड्यात पिन, पिनेला साखळी.
स्टेज हलेल. हलू दे.
हलताना ह्यालाही घेऊन हलेल.

वजनाला वाळूची पोती मिळेनात.
मेहुणा मार्केट यार्डात, त्यानं गुळाचे रवे दिले,
तीस किलोचा एक, असे वीस.
खुर्ची, बाई, ढकलणारा,
आणि फोटोसाठी मध्येच घुसणारे पाच-सहा जण,
सगळे धरून. वर थोडे जास्तीचे, माझ्या भीतीचे.
रात्रभर ठेवले.
सकाळी दोरी ताणून बघितली,
मधोमध एक सूत झुकलेलं. रवे उतरवले, सूत परत वर.
मुंग्यांची रांग मात्र पाटापासून पिनेपर्यंत,
चौकात बरोबर वळून.
मुल्लाणी, माझा वेल्डर, म्हणाला,
'उद्घाटन झालं की लगा!'

संध्याकाळी बाई निघाल्या.
कोणी ढकलत नव्हतं.
लोकांना वाटलं, चौकात त्या दमून थांबल्या.
मी खाली होतो, बांबू-कनातीच्या आत,
जोडावर हात ठेवून.
वर बँजोवाले पाय आपटत होते.
फट उघडली असती
तर ती आधी माझ्या बोटांना कळली असती.
डोक्यावरून मोठी चाकं गेली, मग पत्र्याची पट्टी वाजली,
टक्.
एकदाच.

भाषण मला ऐकू आलं नाही.

परवा कागलचं एक लग्न आलं.
मुलाचा मामा शेडात फिरला,
हाताला लागेल ते वाजवून बघितलं.
'स्टेज झकास. ते वाकडं लांबडं तेवढं नको,
फोटोत येतंय.'
मी पाना शोधत होतो, मान वर केली नाही.
म्हटलं, ते सुटत नाही, पावणं.
पिन बसलीय.