शेजारी, मसुदा चौथा

पहिल्या मसुद्यात मी लिहिलं होतं:
शेजारी म्हणजे ज्याचा आवाज आपल्याला ऐकू येतो तो.
येझदीनं लाल रेघ मारली.
आवाज तर मुलुंडच्या मनोऱ्याचाही येतो, म्हणाला,
आपला जातो का त्याच्यापर्यंत?

कन्नमवार नगर, विक्रोळी. मे महिन्यातल्या गच्च्या.
श्रीखंडाचे अकरा रिकामे डबे,
आत काडेपेटीएवढं सर्किट, दोन पेन्सिल सेल,
झाकणाला भोक पाडून बाहेर काढलेली वीतभर तार.
मधे मोठं कुणी नाही.
ना मनोरा, ना मुख्य कचेरी.
जो तो फक्त शेजाऱ्याशी बोलणार
आणि तेवढ्यावर निरोप खाडीच्या बांधापर्यंत जायला हवा.

‘करावे’ की ‘करता येईल’,
या दोन क्रियापदांत आमचा अख्खा मंगळवार गेला.
मानकात ‘करावे’ म्हणजे करायचंच, सुटका नाही.
आईला समजावून सांगितलं, तर हसली:
आमच्याकडे ‘भांडी घासावीत’ असं म्हणायचे,
आणि घासायची मी.

दुसऱ्याचा निरोप पुढे द्यावा.
उघडून पाहू नये.
इथवर सगळ्यांचं एकमत.
मग नुसरतनं आलेख उलटा फिरवून दाखवला:
कडेचे डबे ताजेतवाने,
मधला, चौथा, दुपारीच निम्मा रिकामा.

मला वालावलकर काकू आठवल्या.
सत्त्याऐंशी साली आमच्या जिन्यात फोन एकच, त्यांचा.
कुणाची बहीण बाळंत झाली, कुणाचा पगार अडला,
त्या सगळं चार मजले चढून सांगायच्या,
हातातलं पीठ तसंच.
दमलात का, असं कुणी विचारलेलं मला आठवत नाही.
मीही नाही.
रात्री साडेअकराला मी कलम घातलं:
बॅटरी तिसऱ्या हिश्शाखाली गेल्यास
नकार देता येईल.
येझदीनं वाचलं. लाल पेन उचललं. ठेवून दिलं.

प्रत्येक निरोपावर एक आकडा,
प्रत्येक दारात त्यातून एक वजा.
शून्य झाला की निरोप तिथेच टाकायचा,
कितीही महत्त्वाचा असो.
नाहीतर तो गच्च्यागच्च्यांतून फिरत राहील
आणि निरोप कुठला, अफवा कुठली, कळणार नाही.

उरला प्रश्न गप्प बसणाऱ्याचा.
किती हाका हुकल्या की नाव खोडायचं?
येझदी म्हणाला दोन, नुसरत पाच.
मी तीन लिहिले, मध्यम म्हणून,
आणि पुढे शब्द लिहिला: मृत.

गुरुवारी अकरा चाळीसला सातवा गप्प झाला.
एक. दोन. तीन. नाव गेलं.
निरोपांनी एकशे बारा नंबरवरून वळसा घेतला
आणि सगळेच्या सगळे बांधावर पोचले.
एकही गळला नाही. आम्ही टाळ्या वाजवल्या.

संध्याकाळी डबा आणायला वर गेले.
गच्चीवर नवी टाकी, काळी, हजार लिटरची, काठोकाठ भरलेली,
आणि तिच्यामागे भिंतीच्या बेचक्यात सातवा.
दिवा लुकलुकत होता.
लॅपटॉप जोडून नोंदवही उघडली.
दर दोन सेकंदांनी हाक, सकाळपासून, एकही न चुकवता.
आणि अकरा चाळीसच्या पुढे ओळीनं
एक एक करून खोडलेली दहा नावं.
त्याच्या हिशोबात
गेलो होतो आम्ही.

तिथेच, तापलेल्या फरशीवर बसून,
‘मृत’ काढलं.
‘ऐकू न येणारा’ लिहिलं.
लांबलं वाक्य. लांबू दे.
अधूनमधून त्याला पुन्हा हाक मारावी, असंही जोडलं,
‘करावे’ घालून.

डबा टाकीच्या अलीकडे आणला.
तिथे साडीवर कुरडया वाळत होत्या,
आणि राखण करत एक बाई, डोक्यावर ओला टॉवेल.
हा इथे ठेवला तर चालेल का, विचारलं.
त्यांनी डबा बघितला, तार बघितली, मला बघितलं.
ठेव की, म्हणाल्या.
कावळे हाकलेल का?