जागेवर पाहणी केली

सव्वीस वर्षं मी हे वाक्य लिहिलं:
‘प्रत्यक्ष जागेवर जाऊन पाहणी केली.’
वांद्र्याच्या कचेरीत, चौथ्या मजल्यावर,
खिडकीकडे पाठ करून,
कारण खिडकीशी कूलर गळायचा.

जागा म्हणजे कक्ष क्रमांक एकशे चौदा.
तुळशी तलावाच्या वरचा, पलीकडला उतार.
नकाशा कापडावर डकवलेला,
घडीवर फाटलेला,
नाला वळतो नेमकं तिथेच भोक.

तीनदा मागणी आली त्या जागेला.
आधी गोदामं. मग रस्ता.
मग कोणीतरी झुलता पूल मागितला, पर्यटनासाठी,
सोबत रंगीत चित्र, चित्रात हसरी मुलं.
मी टिपणी लिहून वर पाठवली,
वरून हिरव्या शाईत शेरा आला: ‘चर्चा करावी.’
चर्चा झाली नाही.
साहेब बदलले, नस्ती कपाटात गेली,
कपाट जिन्याखाली गेलं.
झाडांना तेवढं पुरलं.

डबा खाताना मी म्हणायचे,
सरकार झोपेतही राखण करतं.
लेखापाल तुस्कर म्हणायचे,
हो, आणि जागं झालं की विकतं.
मग आम्ही ताकाची बाटली अर्धी अर्धी घ्यायचो.

निवृत्तीला नऊ दिवस राहिले
तेव्हा मी अर्ज केला, जागा पाहण्याचा.
साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. कशाला?
मला उत्तर सुचेना.
‘नस्ती पूर्ण करण्यासाठी,’ म्हटलं.

बरोबर वनरक्षक दिली, हेमलता घाटाळ.
बूट तिला एक नंबर मोठे,
खात्यात बायकांच्या मापाचे येत नाहीत,
पुढे कापूस कोंबलेला.
ती चालायची तशी पानं वाजत नव्हती.
माझी वाजत होती.

ऐन, कुंभा, करवंदीची जाळी.
मग एकदम कांडोळ, पांढराफटक,
कोणी अंगावर चुना फासून उभं राहावं तसा.
नकाशात तो नव्हता.
नकाशात झाडं नव्हतीच,
नुसती हिरवी रेघारेघ,
आमच्या नकलनविसानं कंटाळून काढलेली.

ओल्या मातीत पंजा होता.
हेमलता बसली, बोटांनी मोजलं.
‘मादी. पहाटेची.’
मुंबईचा आवाज तिथवर येत होता,
दूर कुठेतरी पातेलं घासल्यासारखा.

हद्दीचा दगड वारुळात गेला होता.
नाल्याशी, जिथे माझ्या नकाशाला भोक आहे,
तिथे एक घर होतं.
कुडाच्या भिंती, शेणाचा सडा,
दारात तांदळाच्या पिठाचा चौक, अर्धा कोंबडीने विस्कटलेला.

‘अतिक्रमण क्रमांक नऊ,’ मी म्हटलं.
तोंडातून निघालंच.
माझंच अक्षर होतं ते, वळणदार,
चांगल्या अक्षराचं शाळेत बक्षीस मिळालेलं.

‘माझ्या मावशीचं,’ हेमलता म्हणाली.
तिने बूट काढून उंबऱ्याशी ठेवले, आत गेली.
पाणी आणलं, आधी मला दिलं.
‘आज्याचा आजा इथलाच.
वणवा लागला की आधी हीच माणसं झाडपाला घेऊन धावतात.
बिबट्या कुठे व्याली, यांनाच ठाऊक.
आणि दरवर्षी नोटीस मीच आणून देते.
मावशी ती चुलीमागे खोचून ठेवते.’
रागाने बोलली असती तर
मला काही म्हणता आलं असतं.

पाणी गार होतं, मातीच्या चवीचं.

ज्या कागदानं गोदामं अडवली
त्याच कागदावर, पाच ओळी खाली,
हे घर काढायला सांगितलेलं.
एकच सही.
एक ओळ खोडावी तर दुसरी उसवते की काय,
मला कायदा इतकाही येत नाही
आणि दुसरं काहीच येत नाही.

आज एकतीस तारीख. टेबल रिकामं केलं.
नस्ती जिन्याखालून काढली, धूळ झटकली.
नव्या पानावर लिहिलं:
‘प्रत्यक्ष जागेवर जाऊन पाहणी केली.’
खाली: ‘क्रमांक नऊ हे अतिक्रमण नव्हे.
जंगलाच्या आधीपासूनचं घर आहे.’
‘जंगलाच्या’ खोडून ‘आमच्या’ केलं.

हिरवी शाई माझ्याकडे नाही.
निळीतच सही केली, सादर लिहिलं,
आणि तुस्करांना विचारलं,
ही वर पाठवू,
की परत जिन्याखाली ठेवू?