पिंगळ्याची मान

लेथवरून चीप उडाली, तांदळाच्या कणीएवढी,
आणि डाव्या बाजूचं जालना गेलं.

घाटीतला डॉक्टर पोरगेला होता.
म्हणाला, काका, दिसेल सगळं,
फक्त खोली जाईल काही दिवस.
मला वाटलं भाड्याची म्हणतोय,
चंदनझिऱ्यातली, दहा बाय बारा.
दोन महिने थकलेत हे याला कुणी सांगितलं?

घरी आलो. कांचननं कप पुढं केला.
मी चहा ओतला
सरळ तिच्या मनगटावर.
ती ओरडली नाही.
कप वर उचलून किटलीच्या तोंडाला टेकवला.
तेव्हापासून आमच्या घरात चहा असाच ओततात,
पाव्हण्यांनासुद्धा.

सगळं कॅलेंडरवर छापल्यासारखं झालं होतं,
एकाच खिळ्याला टांगलेलं:
मिलचं धुराडं, धुराड्यापुढची म्हैस,
म्हशीपुढचा माझा स्वतःचा हात.
पायरी पायरी नव्हती, फरशीवरची रेघ होती.
रेघ ओलांडायला गेलो आणि गुडघा फुटला.

खाजाभाई, आमचे फोरमन, म्हणाले,
"डोळा कुठं बघतो रे? डोळा नुसता माल उतरवतो.
हिशेब आत बसलेला मुनीम करतो.
एक ट्रक कमी झाला म्हणून तो काय दुकान बंद करतो व्हय?"

मुनीम जुना. मला न विचारता कामाला लागला.
झाकतं ते जवळचं. झाकलं जातं ते मागचं.
म्हैस बोटाएवढी दिसली तर रेडकू नाही, लांबची म्हैस.
भोकरदन रोडच्या दोन्ही कडा पुढं एकमेकींना भेटतात,
तिथवर जाऊन पाहिलं की भेटलेल्या नसतात, हे त्याला पाठ.
जवळच्या तुरीचं पान न पान मोजून घेतो,
लांबच्या तुरीला नुसता हिरवा डाग मारतो,
आणि चैतात धुळीत बुडालेली टेकडी
आणखी दोन कोस मागं लोटून देतो.
उजेड वरूनच येतो, यावर अडून बसलेला.
खालून बॅटरी मारली
की खड्ड्याला खुशाल ढेकूळ म्हणतो.

एवढं करूनही
नट बोल्टावर बसेना.

मग रात्रपाळीला गेटवर बसवलं मला.
कंपाउंडच्या भिंतीवर पिंगळा यायचा.
दोन्ही डोळे शाबूत, कोटाच्या बटणांसारखे,
तरी मान खाली, वर, डावीकडं, पुन्हा खाली,
कुणाशी तरी घासाघीस चालल्यासारखी.
मग झेप. उंदीर.

तिसऱ्या रात्री आजूबाजूला कुणी नाही हे बघून
मीही मान हलवली.

गेटची जाळी भर्रकन सरकली,
मागची बाभळ सावकाश,
बाभळीमागचं धुराडं जागचं हललं नाही.
कॅलेंडर खिळ्यावरून निघालं.
प्रत्येक वस्तू आपापल्या ठिकाणी जाऊन उभी राहिली
आणि मधे जागा झाली.
त्या खोलीत मी कितीतरी वेळ उभा होतो,
बिनभाड्याचा.

आता गल्लीतली पोरं माझ्या मागं मान डोलवत चालतात.
चालू द्या.

परवा गच्चीवर प्रणितानं विचारलं,
"पप्पा, चंद्र टाकीच्या मागंय का लिंबाच्या?"
मी मान हलवली.
टाकी सरकली. लिंब सरकला.
चंद्र नाही.
"तूच सांग, तुला तर दोन आहेत."
तिनं एक डोळा झाकला, मग दुसरा,
मग दोन्ही उघडून बराच वेळ बघत राहिली.
"काहीच फरक नाही पडत," म्हणाली.