आज घर कुठं आलंय?

परत येऊन नऊ दिवस झाले
तरी पार्श्व उठला की आधी खिडकीत जातो,
पडदा ओढतो, विचारतो,
"आई, आज घर कुठं आलंय?"

राजारामपुरी, अकरावी गल्ली.
खाली तोच बदाम,
चोपड्यांची तीच बुलेट, शीटवर तेच पांढरं मांजर.
"इथंच आहे, बाळा."
"काल पण इथंच होतं."
असं म्हणतो, की जणू
रात्री चालवायचं मीच विसरले.

बावीस दिवस त्याच्या घराला चाकं होती.
दुपारी मेंढ्या मोजता मोजता डोळा लागायचा,
जाग यायची ती समुद्रावर.

निघताना सगळे म्हणाले होते,
"एवढीएवढी दोन पोरं घेऊन न्यूझीलंड?
त्यात गाडीतच राहणार? डोस्कं फिरलंय काय?"
धैर्यशील म्हणाला, "डाव्या बाजूनंच चालवायची असती तिथं.
गगनबावड्याचा घाट केलाय, मग काय अवघड."

विमानतळावरच्या बाईंनी
माझ्या चपला उलट्या करून बघितल्या.
माती आहे का, विचारलं.
होतीच. कुठली ते कसं सांगू,
रंकाळ्याची, भाजी मंडईची, पोरांच्या शाळेच्या दारातली,
सगळी मिळून एक झालेली.
ब्रशनं घासून, धुऊन, पिशवीत घालून दिल्या परत.
तेव्हापासून त्या चपला वाजत नाहीत.
चालताना मागं वळून बघते,
मीच चालतेय ना.

सगळं गोड नव्हतं, उगीच कशाला सांगू.
एकाच वळणावर दोघांनी उलटी केली,
एक माझ्या अंगावर, एक नकाशावर.
चार डिग्रीत, पहाटे,
संडासाची पेटी ओढत नेणारा माझा नवरा
कोल्हापुरात कुणी बघितला असता तर
पुढच्या पिढीपर्यंत पुरली असती ती गोष्ट.
पेट्रोल पंपावर आम्ही असे भांडलो, की
मिनू झोपेतनं उठून टाळ्या वाजवायला लागली.

पण रुसायला दुसरी खोली नव्हती.
रुसून जायचं म्हटलं तरी
त्याच्या गुडघ्यावरून जावं लागायचं.
मग तो गुडघा काढायचा,
कधी नाही काढायचा,
मग चहा.

आता चार खोल्या आहेत.
चौघंही आपापल्या.
मिनू जेवते ती टेबलाखाली,
तिथंच तिला छत पुरेसं खाली वाटतं.
पार्श्व या दारातून त्या दारात पळत
आम्हाला मोजत असतो. एक. दोन.
पुन्हा पहिल्या खोलीत. एक.

काल रात्री दीड वाजता धैर्यशील म्हणाला, "ऊठ."
का, ते विचारलं नाही.
झोपलेली पोरं दुलईसकट उचलली,
सासऱ्यांच्या जुन्या ओम्नीत
मागची शीट पाडून टाकली आडवी.
स्टोव्ह घेतला, साखरेचा डबा घेतला, पत्ती विसरलो.
गंगावेशीतल्या कट्ट्यावर म्हशीचं धारोष्ण दूध घेतलं,
पेल्यावर फेस, माझ्या नाकावर फेस,
तो हसला. बऱ्याच दिवसांनी
अंधारात हसलेला ऐकला.

मग रंकाळ्यावर, भिंतीला लागून
गाडी उभी करून आम्ही पुढच्या शीटवरच झोपलो,
मानेची वाट लावत.

उजाडताना मागून खसफस.
काचेवर नाक चपटं करून
पार्श्व पाण्याकडं बघत होता.
पाणी, धुकं, एक बगळा, संध्यामठाचा दगडी कोपरा.
त्यानं काही विचारलं नाही.
मिनूला हलवून एवढंच सांगितलं,
"चालू झालं."

किटल्या लावलेली एक मोटारसायकल
आमच्याजवळ येऊन थांबली.
काचेवर टकटक.
"गाडी बंद पडलीया व्हय, पावनं? ढकलू काय?"

आम्ही दोघं सांगायला तोंड उघडणार,
तेवढ्यात मागून, दुलईतून,
"ढकला."