हजेरीची वही

नऊ.
गेल्या रविवारी नऊ, त्याच्या आधी नऊ,
एकदा दहा; पण तो दहावा
वाट चुकलेला पर्यटक, शौचालय विचारायला आलेला.
तरी मी त्याला वहीत धरला.
एकतीस वर्षं ही वही माझ्याकडे आहे.
खोटं तेवढंच लिहिलंय.

केप ब्रेटनच्या या टोकाला
कॉड मासा संपला, तशी माणसं संपली.
आधी पोरं गेली अल्बर्टाला, तेल उपसायला.
मग पोरांकडे त्यांच्या आया.
बाकीचे टेकडीवर, दगडाखाली.
आमच्या मंडळीत सगळ्यात नियमित तेच.

नव्या पाळकबाई, थिओडोरा बीटन,
म्हणाल्या, दारोदार जाऊ.
पत्रकं छापली दोनशे. घरं एकशे चौदा.
"आणि उरलेली?"
"विश्वास," म्हणाल्या, आणि छत्री उघडली.

माझ्या वाट्याला लॉकी मॉरिसन आणि खालची आळी.
पहिल्या दारात कुत्रं.
दुसऱ्या दारात: देवाशी भांडण नाही हो,
तुमच्या बाकांशी आहे, कंबर धरते.
तिसरं दार इसोबेलचं.
तिनं पत्रक घेतलं, दोन्ही बाजूंनी वाचलं,
आणि विचारलं, अगदी सावकाश,
"हेक्टर चौदा महिने अंथरुणाला होता.
तेव्हा हे छापायचं राहिलं होतं का?"

लॉकीनं टोपी काढली.
मी फाटकाची कडी बघत राहिले,
ती गंजली होती, एवढंच आठवतं.
पुढच्या चार घरांची दारं
आम्ही वाजवलीच नाहीत.

रस्ता संपतो तिथं जुनं मोटेल.
खेकड्याच्या कारखान्यातल्या बायका राहतात,
फिलिपिन्सहून आलेल्या, एका खोलीत सहा.
दार उघडलं ते डिव्हिनानं.
मी सुवार्तेचं तोंडपाठ वाक्य सुरू केलं,
तिनं ते पूर्ण होऊ दिलं, बिचारीनं,
मग म्हणाली,
"चर्चमध्ये वॉशिंग मशीन आहे का?"

होतं. तळघरात.
वेदीची कापडं धुवायला घेतलेलं,
वर्षातून दोनदा चालणारं.

शनिवारी सहा जणी आल्या, पुढच्या शनिवारी चौदा.
खेकड्याचा वास जिन्यानं वर चढला,
स्तोत्रांच्या पुस्तकांत जाऊन बसला.
लॉकी विजेचं बिल घेऊन हिंडायचा, जणू समन्स.
मी म्हटलं, साबणाच्या डब्याशी पत्रकं ठेवू?
पाळकबाई म्हणाल्या, "साबण ठेवा."

कपडे वाळेपर्यंत त्या गायच्या.
वर आमचा चौघांचा सराव, खाली त्यांचा कुणी न शिकवलेला,
आणि एकदा मधल्या लाकडी फळ्यांमधून
दोन्ही सूर असे एकमेकांत अडकले
की ऑर्गनवाली मिल्ड्रेड थांबली, चष्मा पुसला,
आणि पट्टी बदलली. त्यांच्यासाठी.

आता रविवारी काही जणी वर येतात.
बहुतेक कॅथलिक. त्यांचं चर्च बासष्ट मैल दूर, गाडी नाही.
प्रभुभोजनाच्या वेळी हात छातीशी धरून बसतात.
त्यांना मोजायचं का?
वरिष्ठांच्या फॉर्मवर रकाने दोनच:
सभासद, पाहुणे.
ऑक्टोबरात हंगाम संपला की त्या जातील,
आणि वही परत नऊवर येईल. कदाचित आठ,
लॉकीची छाती बरी नाही.
त्याच्याकडे मात्र मी रोज जाते. सूप घेऊन. पत्रक न घेता.

काल उपासना चालू असताना
खाली ड्रायर धडधडत होता.
मी बंद करायला उतरले, तर जिन्याच्या मधल्या पायरीवर
इसोबेल.
मांडीवर हेक्टरचा जाड कोट, ओला, घडी घातलेला.
"घरचं मशीन बिघडलंय," म्हणाली,
माझ्याकडे न बघता.
वरून प्रवचन ऐकू येत होतं, अर्धंमुर्धं.
मी ड्रायर चालूच ठेवला.

रात्री वही उघडली. तारीख घातली.
तेवीस, लिहिलं.
मग बराच वेळ पेन हातात.
पायरीवर बसलेलं माणूस
वरचं धरायचं की खालचं?